पिंपात मुरलेला सिगार कसा पारखावा : कोकणच्या हवेत, कोकणच्या नाकाने

गेल्या मार्गशीर्षात वेंगुर्ल्याच्या घरी पडवीवर बसलो असताना मी एक न पेटवलेला सिगार काकीच्या हातात दिला. काकी तंबाखूला आयुष्यात कधी शिवलेली नाही. पण तीस वर्षं खानावळ चालवलेली बाई, मसाला भाजताना तिला कढईत डोकावावं लागत नाही, वासावरून कळतं. तिने तो दोन्ही टोकांनी हुंगला, जरा लांब धरून परत हुंगला आणि म्हणाली, “मेल्या, हेका तर भाजलेल्या खोबऱ्याचो वास येता. खंय ठेवलेलंस?” मग थोडं थांबून, “आणि लवंगेचो. डब्यात ऱ्हवलेल्या जुन्या लवंगेचो.”

त्या सिगारातली काही पानं बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात काही महिने मुरवलेली होती. ही पिंपं ओकच्या लाकडाची असतात. ओकमध्ये लॅक्टोन म्हणून संयुगं असतात, त्यांचा वास थेट नारळासारखा येतो. लाकूड आतून भाजलं की त्यातलं युजेनॉल वाढतं, आणि लवंगेच्या तेलात सर्वांत मोठा वाटा युजेनॉलचाच. काकीने दोन्ही गोष्टी अर्ध्या मिनिटात पकडल्या. मी पंचवीस वर्षं बोटीवर काढली, बंदराबंदरांत सिगारवाल्यांच्या पंगतीला बसलो, त्यांच्याकडून शिकलेले ‘सीडर’, ‘लेदर’, ‘अर्दी’ म्हणजे मातकट, असले शब्द वहीत उतरवत राहिलो. सीडरचं झाड मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून वही नव्याने सुरू केली आणि तीत आमच्या घरातले, परड्यातले, बाजारातले वास लिहायला लागलो. माझी पारख तेव्हापासून सुधारली. म्हणून हा लेख.

पिंपात मुरलेल्या सिगारात शेवटी एकच गोष्ट पारखायची असते : पिंप तंबाखूला साथ देतंय की तिला झाकून टाकतंय. बाकीची सगळी तयारी या एका प्रश्नाचं उत्तर नीट मिळावं म्हणून आहे.

आधी तब्येतीचं

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात. त्यामुळे तो निर्धोक आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो, निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करावी असं मला मुळीच वाटत नाही. मी स्वतः वर्षाला सहा-सात ओढतो, त्याहून जास्त नाही. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तेव्हा हॉटेलच्या व्हरांड्यात नको, एसटी स्टँडवर नको. आपलं खळं, आपली पडवी, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर तेही नको.

पिंपात होतं काय

मुरणं हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. कैरीचं लोणचं बरणीत घातलं की पहिल्या आठवड्यात मीठ वेगळं लागतं, मोहरी वेगळी लागते, कैरी वेगळी. चार महिन्यांनी सगळ्यांची मिळून एक चव होते. तंबाखूचंही तसंच चालतं. पानं तोडली की आधी सावलीत वाळवतात, मग त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढत जाते, पन्नास अंशांच्या आसपास पोचते, आणि पानातला अमोनिया बाहेर पडतो. ढीग मोडून वरची पानं खाली, खालची वर करून पुन्हा रचतात. हे महिनोन्महिने चालतं, आणि त्यानंतर गासड्या बांधून पानं काही वर्षं ठेवून देतात.

पिंपाचा नंबर त्यानंतर लागतो. बर्बनला अमेरिकन कायद्याप्रमाणे नवं, आतून जाळलेलं ओकचं भांडं लागतं. म्हणजे साधारण दोनशे लिटरचं एक पिंप बर्बनसाठी एकदाच वापरलं जातं आणि मग बाहेर विकलं जातं. त्यातली काही पिंपं सिगारवाले घेतात. होंडुरासमधल्या कामाचोने आपल्या ‘अमेरिकन बॅरल-एज्ड’ सिगारासाठी कोरोहो जातीची पानं पाच महिने अशा पिंपांत ठेवली. निकाराग्वातल्या एस्तेली शहरात कारखाना असलेली पेर्डोमो कंपनी आपल्या काही सिगारांचं बाहेरचं पान पिंपात मुरवते. बर्बनऐवजी रमची पिंपं वापरणारेही आहेत.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. पिंपात मुरवलेली तंबाखू वेगळी आणि वास मारलेली तंबाखू वेगळी. दुसऱ्या प्रकारात पानावर अर्क शिंपडतात, कधी टोपीला, म्हणजे ओठात धरायच्या टोकाला, गोडी लावतात. ओळखायची रीत सोपी : न पेटवता टोक ओठांत धरा आणि मग जिभेने ओठ चाटा. ओठावर गोड लागलं तर ते पिंपाचं काम नव्हे. पिंप ओठाला गोडी देत नाही, ते देतं तो वास. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : कोणतं पान पिंपात होतं, किती महिने, आणि पिंप कशाचं. उत्तर येत नसेल तर भाव तेवढा देऊ नका.

घरी आणल्यावर : फ्रीझर, मीठ आणि डबा

कोकणात सिगार पारखण्यातलं अर्धं काम इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. थंड देशातली पुस्तकं सांगतात तसं इथे वागलात तर माल वाया जातो. माझा गेला आहे. बोट सोडून घरी आलो त्या वर्षी लाकडी पेटी, ज्याला ह्युमिडॉर म्हणतात, ती हौसेने माजघरातल्या फळीवर ठेवली. पुस्तकात लिहिलेलं म्हणून आत पाण्याचा स्पंजही ठेवला. जून लागला. जुलैच्या मध्यावर पेटी उघडली तेव्हा अकरापैकी नऊ सिगारांवर पांढरे तंतू आले होते आणि दोघांच्या तोंडातून आत बुरशी गेली होती. चामड्याच्या चपलेवर, माळ्यावरच्या सुटकेसवर येते तीच बुरशी. पावसात आमच्याकडे हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असते. सिगारला हवी असते पासष्ट ते सत्तर. म्हणजे तिकडच्या लोकांपुढे प्रश्न असतो ओल कशी द्यायची, आणि आपल्यापुढे असतो ओल कशी काढायची.

माझी रीत आता अशी. रबरी कडेचा, चारी बाजूंनी खटका लागणारा प्लास्टिकचा डबा घ्यायचा. तो आधी आठवडाभर उघडा ठेवून त्याचा प्लास्टिकचा वास घालवायचा. त्यात ओल देणारी आणि ओढूनही घेणारी पाकिटं ठेवायची. बोवेडा नावाने ती मिळतात, त्यांवर आकडा लिहिलेला असतो. आपल्याकडे ६२ किंवा ६५ घ्या. ६९ आणि ७२ ची पाकिटं इथे नकोत, कारण डबा उघडला की बाहेरची ओल आत शिरतेच. पावसाळ्यात डबा महिन्यातून एकदाच उघडा आणि तोही उन्हाची तिरीप असलेल्या दिवशी.

आत लहान आर्द्रतामापक ठेवतात. तो खोटं बोलत असेल तर सगळीच मेहनत फुकट, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते बूच आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. ७१ दिसला तर तुमचा मापक चार कमी दाखवतो, तेवढे कायम मिळवायचे. ओल्या मिठाच्या वरची कोंडलेली हवा पंच्याहत्तर टक्क्यांवरच येऊन थांबते, जगात कुठेही. शिरोड्याच्या मिठागरातल्या मिठाने मी ही परीक्षा घेतो.

दुसरा शत्रू किडा. तंबाखूचा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी. त्याची अंडी पानात दडलेली असतात आणि उबेत फुटतात. कोकणात ऊब बारा महिने आहे. आलेला प्रत्येक सिगार मी दोन पिशव्यांत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवी न उघडता अर्धा दिवस बाहेर. घाई करून थेट बाहेर काढला तर पानावर पाणी सुटतं आणि रॅपर, म्हणजे बाहेरचं पान, तडकतं. वादळात दोन-दोन दिवस लाइट नसते, त्या दिवसांत हे काम काढू नका.

त्यानंतर किमान तीन आठवडे सिगार डब्यात पडू द्या. पिंपातला सिगार बाकीच्यांबरोबर ठेवायचा नाही, त्याचा वास दुसऱ्यांना लागतो आणि मग कुणाचंच खरं रूप कळत नाही. सुक्या बांगड्याच्या डब्याशेजारी कोणी केळी ठेवतं का?

दिवस, वारा आणि पेज

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आमच्याकडे पारखायचा हंगाम. हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि वाऱ्याची वेळ ठरलेली असते. रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, हलका आणि कोरडा. दुपारकडे खारा वारा उलटा फिरतो, तो दमट असतो आणि जोरातही असतो. जोराच्या वाऱ्यात सिगार एका अंगाने जळतो आणि तापतो. तापलेला सिगार कडू लागतो आणि आपण दोष तंबाखूला देतो. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून सिगार ओढण्याचं चित्र दिसायला सुंदर आहे, पण पारखण्यासाठी ती सर्वांत वाईट वेळ.

मी सकाळी दहाला बसतो, पेज झाल्यावर. उकड्या तांदळाची पेज, सोबत चिमूटभर मीठ, आणखी काही नाही. लोणचं नाही, सुकी चटणी नाही. पेजेने पोट भरलेलं राहतं, त्यामुळे निकोटीन डोक्यात चढत नाही, आणि जीभ कोरी राहते. रात्रीचं तिरफळाचं कालवण खाल्लं असेल तर त्या सकाळी बसू नका, तिरफळाची झिणझिण सहजी जात नाही आणि सिगारच्या तिखटपणाशी तिची गल्लत होते.

प्यायला साधं पाणी. शहाळं नको, कारण आपण ज्या नारळाच्या वासाचा शोध घेणार तोच आधी तोंडात असेल. सोलकढी नको, ती आंबट आणि लसणीची. आणि बर्बनच्या पिंपातल्या सिगारसोबत बर्बन तर अजिबात नको. लोक ही जोडी मोठ्या कौतुकाने लावतात, पण मग नाकातला ओक पेल्यातला की पानातला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

डोळा, बोट, नाक

आकार शक्यतो रोबस्टो घ्या : लांबी पाच इंच, जाडी ५०. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ५० जाडीचा सिगार जवळजवळ वीस मिलिमीटरचा झाला. हा तासाभरात संपतो आणि त्याचे तीन टप्पे स्वच्छ कळतात.

उजेडात धरून बघा. बाहेरच्या पानाला, रॅपरला, हलकी तेलकट झाक हवी, शिरा बारीक हव्यात. पिंपातलं रॅपर बहुधा गडद असतं, पण रंग एकसारखा काळा आणि मेलेला दिसला तर मला शंका येते. बोटांनी टोकापासून टोकापर्यंत हलकं दाबत जा. पिकत आलेल्या हापूसला आढीत हात लावून बघतो तसं, खूण न उमटवता. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. मध्येच मऊ लागलं तर आत पान कमी भरलंय, तिथे जाळ धावेल. मध्येच गाठ लागली तर ओढ अडेल. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर किडा, तो सिगार बाजूला आणि बाकीचे परत फ्रीझरमध्ये. पांढरं पीठ किंवा केस दिसले तर ते मुरल्याची खूण आहे अशी समजूत काढू नका, ती बुरशी धरा.

मग नाक. आधी अंगाचा वास, मग पेटवायच्या उघड्या टोकाचा. अंगाला मला बहुतेकदा आढीतल्या पेंढ्याचा वास येतो, थोडा जुन्या सागवानी पेटीचा. टोकाला पिंप सापडतं : खोबरं, व्हॅनिला, लवंग, जायफळाचं सालपट. जायफळ आणि लवंग ज्यांच्या परड्यात आहे त्यांना हे सोपं जाईल. नसेल तर बसण्याआधी वाण्याकडून दोन-दोन आणून चुरडून बशीत ठेवा आणि आलटून पालटून हुंगा. काकीला मी हेच करायला सांगतो आणि ती दर वेळी माझ्याआधी सांगते.

एक वास धोक्याचा. सावंतवाडीच्या नव्या लाकडी खेळण्याचा पुडा उघडला की रंगरोगणाचा जो भपका येतो, तसा सिगारच्या टोकातून आला तर पिंप जास्त झालंय किंवा पिंपाच्या नावाखाली काही शिंपडलंय. खेळण्यात तो वास छान, सिगारात नाही.

कापणं आणि थंड ओढ

टोपीची वळी संपते ती बारीक रेष सापडेल. तिच्या वरच राहा, दोन मिलिमीटरहून जास्त कापू नका, नाहीतर रॅपर उलगडतं. दोन पात्यांचं कटर घ्या आणि एका झटक्यात दाबा. घरात अडकित्ता आहे म्हणून तो वापरू नका. अडकित्ता सुपारी फोडायला केलेला आहे, त्याचं एकच पातं धारेचं असतं आणि पान कापण्याआधी चिरडतं.

पेटवण्याआधी दोन-तीन कोरडे झुरके घ्या. ओढ किती अडते ते बघा. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढताना जेवढा जोर लागतो तेवढा ठीक. मलई अडकल्यासारखं वाटलं तर तो सिगार दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवा, बहुधा ओल जास्त आहे. कोरड्या ओढीत जिभेवर जे येतं ते लगेच लिहा. पिंपाचा वास इथे सर्वांत स्वच्छ असतो, कारण धूर अजून मध्ये आलेला नाही.

पेटवणं

ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी. काडीच्या गुलाचा गंधक आधी पूर्ण जळू द्या. मेणबत्ती नको, चुलीतलं पेटतं लाकूड नको, पेट्रोलचा लायटर नको, तिन्हींचा वास पानात शिरतो. ज्योत सिगारला टेकवायची नाही. बोटभर खाली धरून सिगार फिरवत राहा. कडा आधी काळी पडते, मग लाल रेघ चारी बाजूंनी जुळते. तेव्हा पहिला झुरका. आणि तो पहिला झुरका हिशोबात धरू नका, त्यात गॅसची चव असते.

त्यानंतर मिनिटाला एक झुरका, जास्तीत जास्त दोन. यातच सर्वांत जास्त जणांचं बिघडतं. भरभर ओढलं की जाळ तापतो आणि मग सगळे सिगार एकाच चवीचे, करपट.

तीन टप्पे, एक कढई

चवीसाठी मी एक माप वापरतो, ते कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. वाटपासाठी सुकं खोबरं किसून मंद आचेवर टाका आणि तिथेच उभे राहा. आधी कच्च्या तेलाचा वास येतो. मग कडा गुलाबी होतात आणि बिस्किटासारखा गोड वास उठतो. मग तपकिरी, खमंग, ज्याला आपण वाटपाचा रंग म्हणतो. आणि तुमचं लक्ष उडालं की अर्ध्या मिनिटात करपट, कडू, आणि त्यानंतर कितीही गूळ घातला तरी वाटप सुधारत नाही. पिंपातल्या सिगारमधला ओक या चार पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहे ते दर टप्प्याला लिहायचं. कच्चं, गुलाबी, तपकिरी, करपलेलं. चार शब्द पुरतात.

धूर तोंडात घेतला की जिभेवरून गालांकडे फिरवा, बहुतेक तोंडानेच सोडा आणि शेवटचा थोडासा नाकाने हळूच बाहेर टाका. छातीत अजिबात नाही. ही नाकाची गोष्ट पहिल्यांदा झोंबते, डोळ्यांत पाणी येतं. पण खोबरं, लवंग, जायफळ हे सगळे वास आहेत, ते जिभेला कळतच नाहीत. जीभ सांगते गोड, आंबट, खारट, कडू असल्या चवी, वास सगळे नाक. एका टप्प्यात तीन-चारदाच करा, सारखं केलं तर नाक बधिर होतं.

पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात पिंप पुढे असतं आणि तसं असायला हरकत नाही. खोबरं गुलाबी ते तपकिरी, थोडी काकवी, शेवटी लवंगेची चुणचुण. मी इथे आनंद घेतो, निकाल देत नाही.

निकाल दुसऱ्या हिश्श्यात. इथे तंबाखू पुढे यायला हवी. भाजक्या काजूगराची चव, चहाच्या कोऱ्या भुकटीसारखा तुरटपणा, काळ्या मिरीचा घशाकडे जाणारा तिखटपणा, कधी आमसुलासारखी हलकी आंबट कड. (काजू आणि तंबाखू दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आली. सिगारात काजू सापडला की मला फार बरं वाटतं.) खोबरं अजून असावं, पण मागे, माशाच्या कालवणात असतं तसं : खाताना वेगळं दाखवता येत नाही आणि नसेल तर लगेच कळतं. या टप्प्यावरही तुमच्या वहीत व्हॅनिला, खोबरं, व्हॅनिला, खोबरं असंच चाललं असेल, तर पिंपाने तंबाखू झाकली. किंवा झाकावी अशीच ती होती. माझ्या मते साधारण पानांना लाकडाचा वास चढवून दाम दुप्पट करण्याचे प्रकार पुष्कळ होतात, आणि ते याच टप्प्यावर पकडले जातात.

शेवटच्या हिश्श्यात धूर गरम होतो आणि सगळंच जोरात येतं. चांगल्या सिगारात इथे ओक आणि तंबाखू वेगळे काढता येत नाहीत. खोबरं वाटपाच्या रंगावर थांबलेलं असतं. वाईटात ते करपतं, जिभेच्या मुळाशी कडूपण बसतं. काजूबिया भट्टीवर टाकल्या की टरफलातल्या तेलाचा जो डोळे चुरचुरणारा धूर निघतो, तशी झाक आली तर मी तिथेच थांबतो. पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत ओढायची सक्ती नाही. घाम आला, मळमळलं, तरी थांबा, गुळाचा खडा तोंडात टाका आणि पाणी प्या.

दोष कुणाचा

कडू लागलं की आधी स्वतःची गती तपासा. दोन मिनिटं सिगार ठेवून द्या, मग उलटी हलकी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि पुन्हा चाखा. कडूपण गेलं तर चूक आपली होती. नाकात नवसागरासारखी झोंबणारी चणचण असेल तर तो अमोनिया, म्हणजे पान पुरतं मुरलेलं नाही, आणि त्याला पिंपसुद्धा वाचवू शकत नाही. असे सिगार सहा महिने डब्यात टाका, पुष्कळदा सुधारतात. एका अंगाने जळत असेल तर वारा बघा. वारा नसतानाही जळत असेल तर बांधणी. मधोमध बोगदा पडून कडा तशाच राहिल्या तर तीही बांधणीच.

राखेकडेही लक्ष द्या, पण तिचं स्तोम माजवू नका. मातीच्या परळात एक इंच लांब अखंड राख पडली तर लांब, पूर्ण पानं भरली आहेत एवढं कळतं. राख पांढरी की करडी यावरून चव ठरत नाही.

वही आणि पट्टी

गुण द्यायचे असतील तर माझी वाटणी अशी : दिसणं आणि बांधणी १५, ओढ २०, जळणं १०, चव ३५, आणि पिंप-तंबाखूचा मेळ २०. शेवटचा रकाना साध्या सिगारला नसतो, पिंपातल्याला हवाच. पण आकड्यांपेक्षा शेजारी लिहिलेली ओळ मला महिन्यांनी जास्त उपयोगी पडते. “दुसऱ्या हिश्श्यात काजू, खोबरं मागे, करपलं नाही” एवढं वाचलं की तो अख्खा सिगार आठवतो.

एकाच सिगारवर मत बनवू नका. हाताने वळलेला माल, एक दुसऱ्यासारखा नसतो. किमान दोन, जमलं तर तीन, वेगवेगळ्या सकाळी. त्यातल्या एकदा नावाची पट्टी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. आणि त्याच कंपनीचा, तसल्याच पानांचा पण पिंपाशिवायचा सिगार मिळत असेल तर तो आठवड्याच्या अंतराने ओढा. मी हे केलं तेव्हा एकदा असं निघालं की पट्टी काढल्यावर मी जास्त गुण बिनपिंपाच्याला दिले होते. काकीने दोन्ही न पेटवताच हुंगले होते, तिने विचारलं, “मगे त्या लाकडाचे पैशे कित्याक दिलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो सिगार मी पुन्हा मागवला नाही.

थोटूक विझवताना चिरडू नका, जळकट वास घरभर होतो. परळात तसंच ठेवा, आपोआप विझतं. पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने, दुपारच्या जेवणाआधी, वही पुन्हा उघडून तोंडात काय उरलंय ते लिहा. त्या मार्गशीर्षातल्या सिगारपुढे माझ्या वहीत साडेअकराच्या वेळेला लिहिलेलं आहे : मिरी, जराशी काकवी. खोबरं नाही. खाली काकीच्या सांगण्यावरून घातलेली ओळ आहे : तुझ्या शर्टाला अजून लवंग येते.